मामांचं स्टार्ट बटन

अन्यायाविरुद्ध लढलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ होऊन गेली, पण संगणकाच्या पडद्यावरल्या एका बटनासाठी दोन-अडीच वर्षं लढलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरचा निघाला. आमच्या हिचे धाकटे मामा. अंगानं काटकुळे, खिशाला दोन पेनं, आणि डोक्याला बारा महिने रुमाल. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात पाऊस म्हणून, आणि आमच्या भागात पाऊस बहुधा येत नाही म्हणून पुन्हा ऊन म्हणून. त्यांचे वडील वैजापूरकडच्या माळांवर मेंढरं राखायचे. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेले मामा पहिलेच. टायपिंगची परीक्षा देऊन ते कारकून झाले, चढत चढत अव्वल कारकून झाले, आणि ज्या कचेरीत झाले त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी इथं सांगत नाही, कारण तिथली बरीच मंडळी अजून नोकरीत आहेत. मामा राहायला शहरातल्या गारखेड्यात आणि कचेरी तालुक्याला, त्यामुळं रोज एसटीनं अपडाऊन. चालकाच्या मागचं तिसरं बाक, खिडकीची बाजू. त्या जागेवर कुणी बसलेलं असलं तर मामा भांडत नसत. नुसते शेजारी उभे राहून त्या माणसाकडं अशा नजरेनं बघत की तो पुढच्या थांब्याला आपणहून उठे.

मामांचा सगळा संसार या एका तत्त्वावर उभा होता, की वस्तू जिथं होती तिथंच असावी. नखं कापायचं यंत्र खिळ्याला, बॅटरी उशाच्या डाव्या अंगाला, चपला उंबऱ्याला काटकोनात. दिवे गेले तरी त्यांना घरात काही चाचपावं लागत नसे. एकदा मामींनी उगाच हौस म्हणून चहाचा डबा डावीकडचा उजवीकडं ठेवला. मामांनी सवयीनं हात घातला, चमचाभर जिन्नस आधणात टाकला, कप भरून घेतला आणि पेपर वाचत शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग शांतपणे विचारलं, "डबा हलीवला का?" ते लाल तिखट होतं.

शहर वाढत होतं, आणि ते मामांना न विचारता वाढत होतं. त्यांनी गारखेड्यात प्लॉट घेतला तेव्हा चहूबाजूंनी शेती होती, आणि पत्ता सांगण्यापुरतं त्यांचं गारखेडं तिथंच थांबलं होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडं निघालो तेव्हा फोनवर म्हणाले, रिक्षावाल्याला सांगा, ज्वारीच्या वावरावरून डावीकडं, मग मोटेच्या विहिरीपाशी उतरा. रिक्षावाला जुना होता, तरी तीन फेऱ्या झाल्या. ज्वारीच्या वावरात मोबाइलचं दुकान आणि शिकवणीचा वर्ग होता. मोटेच्या विहिरीवर तीन मजली इमारत उभी होती आणि तिच्या गच्चीवर पाण्याचे निळे पिंप रांगेनं मांडले होते, कारण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. मी घरी पोचून जरा तक्रारीच्या सुरात बोललो, तर मामांनी मला हाताला धरून बाहेर नेलं, इमारतीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, ही काय विहीर.

अशा माणसाच्या वाट्याला पन्नाशीच्या आसपास संगणक आला. सरकारनं कारकुनांना संगणकाचा दाखला सक्तीचा केला होता. मामा आपल्या लेकीच्या वयाच्या बाईंसमोर पहिल्या बाकावर बसले आणि दोनशे पानी वहीत जे जे करायचं ते ते चित्रासकट उतरवून घेतलं. 'डावा कोपरा, खाली, हिरवं बटन. एकदाच दाबणे. यादी वर येईल. घाबरू नये.' अशी ती वही. संगणकाला त्यांनी यंत्र असं कधी मानलंच नाही. ते त्याला मुलूख मानत. कुठून शिरायचं, कुठं वळायचं, कुठं पाणी आहे, हे एकदा कळलं की झालं. मेंढरं राखणाऱ्याचं पोर वाट विसरत नाही. वर्षभरात ते इतके तयार झाले की पडद्याकडं न बघता नुसत्या हाताच्या अंदाजानं बाण त्या हिरव्या बटनावर नेत, आणि नवे लागलेले कारकून तोंडात बोट घालून बघत राहत. मामांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ होता. तो फार टिकला नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. मामांकडं टंचाईचं टेबल होतं, म्हणजे कुठल्या गावाला उद्या कुठला टँकर जाणार, किती खेपा करणार, याची यादी रोज दुपारनंतर तयार करायची आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लावायची. पहाटे चालक ती यादी बघत आणि टँकर भरायला निघत. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात कचेरीत नवे संगणक आले. नवा पडदा, नवा कळफलक, आणि आतलं सगळंच नवं.

त्या सोमवारी साडेदहाला मला फोन आला. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. आमच्या प्रयोगशाळेत एक संगणक होता, एवढ्या पुराव्यावर सासरच्या मंडळींनी मला त्या विषयातला अधिकारी पुरुष ठरवून टाकलं होतं. मामांचा आवाज पडलेला होता.

"जावईबापू, माझं बटन गेलं."

मी म्हणालो, मामींना सांगा, लावून देतील. "सदऱ्याचं नव्हं, पडद्यावरलं." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. संगणक सुरू केला तर पडद्यावर कुणीतरी वाकळ वाळत घातल्यासारखे रंगीत चौकोनच चौकोन. एक चौकोन हवामान सांगतोय, एक बातम्या सांगतोय, एकावर कुठल्या तरी गोऱ्या बाईचा फोटो. खाली डाव्या कोपऱ्यात बटन नाही. उजव्या कोपऱ्यात बघितलं, नाही. संगणक उचलून खालूनसुद्धा बघितलं. मी म्हणालो, मामा, कंपनीनं रचना बदलली आहे. ते म्हणाले, "बदलली म्हंजी? मला न सांगता?"

तेव्हापासून मामांचा दिवसाला एक फोन ठरलेला. यादी कुठंतरी जतन झाली पण कुठं ते कळेना. पत्र उघडलं की ते अख्खा पडदा व्यापून बसे आणि बंद करायची फुली कुठंच नसे; पाहुण्यानं आत येऊन दार लावून घ्यावं तसं, असं मामा म्हणत. सगळ्यात हाल झाले ते संगणक बंद करताना. मी चार जणांना विचारून पद्धत शोधून काढली होती. बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा आणि काही न करता थांबायचं. मग एक काळी पट्टी आपणहून बाहेर येते, तिच्यातून आत, तिथून आणखी आत, आणि तिथं बंद करायची सोय. मामांनी हे तीनदा सांगायला लावलं. मग विचारलं, कोपऱ्यात थांबायचं असं कुठं लिहिलंय. मी म्हणालो, कुठंच नाही. "मग परक्या माणसाला कसं कळावं?" हे कंपनीलाच विचारायला हवं होतं. दोन महिने मामा कचेरी सुटताना संगणक बंद न करता त्याच्यावर पंचा झाकून घरी येत होते, परडीतल्या भाकरीवर झाकावा तसा, आणि रात्री जेवताना म्हणत, तिकडं ते जागंच असंल.

शेवटी मामांनी तो मार्ग धरला जो तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना सगळ्यात जवळचा वाटत आला होता. त्यांनी अर्ज केला. थेट कंपनीला. मला वाचून दाखवला. 'विषय : स्टार्ट बटन पूर्ववत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, या कार्यालयास प्राप्त नवीन संगणकांवर डाव्या कोपऱ्यातील बटन आढळून येत नाही. समक्ष पाहणी करून शोध घेतला असता मिळून आले नाही. सदर बटन अनेक वर्षांपासून त्याच जागी वहिवाटीत होते. सबब ते काढून टाकण्यापूर्वी वापरणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक होते.' सोबत पेन्सिलीनं काढलेला पडद्याचा नकाशा जोडला होता, त्यात बटनाची मूळ जागा लाल शाईनं, चतुःसीमेसह. मी म्हणालो, मामा, त्यांना मराठी कशी समजणार. ते म्हणाले, आपण त्यांचं इंग्रजी इतकी वर्षं समजून घेतलंच की. अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला. पंधरवड्यानं कुणाच्या तरी गिचमिड सहीची पोचपावती आली, ती मामांनी फायलीत लावली आणि मला सांगितलं, आता प्रकरण चालू झालं.

आणि गंमत अशी की प्रकरण खरोखरच निकाली निघालं. काही महिन्यांनी कंपनीनं सुधारणा पाठवल्या, संगणक दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला, आणि एका सकाळी डाव्या कोपऱ्यात, खाली, बटन हजर. जगभरातल्या लाखो माणसांनी आरडाओरडा केला म्हणून ते परत आलं, हे मी मामांना सांगितलं नाही. सांगवेना. त्यांनी कचेरीत पेढे वाटले, आमच्या घरी पाव किलो पाठवले, आणि मामींना म्हणाले, अर्ज नीट लिहिला की दखल घ्यावीच लागते. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पुन्हा पडला होता. बटन आलं होतं, पण ते दाबलं की जुनी यादी वर येत नव्हती. तीच वाकळ पुन्हा समोर. "जावईबापू," ते म्हणाले, "दार आपलंच बसीवलं, पण घर दुसऱ्याचं हाय." दुसरा अर्ज त्यांनी लिहायला घेतला, पण तोपर्यंत पाऊस बरा झाला, टँकर थांबले, आणि मामांचा राग थोडा निवला.

पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा रुसला आणि यावेळी जास्तच. हर्सूलच्या तलावात पडलेल्या भेगा बघायला शहरातून माणसं जात होती. तालुक्यात टँकरची गावं वाढत गेली, आणि वाढीव गावांची मंजूर यादी आता वरून संगणकावरच येऊ लागली. मामांचे फोनही वाढले. एक दिवस वैतागून म्हणाले, फोनवर काय व्हायचं नाय, या एकदा आणि डोळ्यांनी बघा. मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर एसटीनं गेलो, चालकाच्या मागच्या तिसऱ्या बाकावर.

आम्ही कचेरीत जाऊन बसतो तोच एक बाई आत आली. पन्नाशीची असेल, पायात धुळीचे मोजे घातल्यासारखी धूळ. कडेवर रिकामी घागर. ती तिनं मामांच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "भाऊसाहेब, दोन दिस झालं, टँकर आला नाय. आमचं काय चुकलं का?"

माळावरच्या धनगरांच्या एका वस्तीवरून ती आली होती, बारा-पंधरा घरं. मामांनी यादी काढली, चष्मा पुसून पुन्हा बघितली, आणि म्हणाले, बाई, वस्ती अजून मंजूर झालेली दिसत नाही. बाई म्हणाली, गेल्या आठवड्यात झाली, ग्रामसेवकांनी सांगितलं. मामांनी संगणकावर वरून आलेलं पत्र उघडलं. ते नेहमीप्रमाणं पडदाभर पसरलं. एक पान, गावांची नावं, खाली शेवटची ओळ. वस्ती नव्हती. मी बघत होतो. मला काही सुचलं म्हणून नव्हे, नुसता चाळा म्हणून मी बाण पडद्याच्या कडेला नेला, आणि तिथं पाव बोटभर रुंदीची एक करडी पट्टी उमटली. ती धरून खाली ओढली. पत्राला दुसरं पान होतं. त्या पानावर एकच ओळ होती, आणि ती त्या वस्तीची होती.

मामांनी ती ओळ दोनदा वाचली. मी हळू आवाजात म्हणालो, मामा, यात तुमचा दोष नाही, पूर्वी ही पट्टी कायम दिसायची, आता यांनी ती लपवून ठेवली आहे, खाली आणखी काही आहे हे कुणालाच कळलं नसतं. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी ते घसा कोरडा करत होते तिचा इतका धडधडीत पुरावा समोर होता. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानंही तेच सांगितलं. मामा उठले, रुमाल बांधला, बाईला म्हणाले चला, आणि फाटकाबाहेर दुसऱ्या खेपेसाठी भरून उभा असलेला टँकर त्यांनी साहेबांना सांगून त्या वस्तीकडं वळवला. केबिनमध्ये चालक, मामा, मी आणि मांडीवर घागर घेतलेली ती बाई.

वस्तीवर पोचलो तेव्हा भर दुपार होती. टँकर दिसताच बाया-माणसं भांडी घेऊन आली, पण पळापळ झाली नाही, रांग लागली. मामा टँकरच्या मागच्या नळापाशी उभे राहिले आणि शेवटची कळशी भरेपर्यंत हलले नाहीत. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्याला चौकशी करायची होती, तक्रार नव्हती.

"आमचं नाव कागदावर नव्हतं व्हय?"

"व्हतं, बाबा," मामा म्हणाले. "मला दिसलं नाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि एवढ्या उन्हात कुठं आलात म्हणून आम्हाला त्याच पाण्यातला तांब्या भरून दिला. मामांनी तो हातात घेतला, पण त्यांना ते पाणी लवकर पिता येईना.

परत आल्यावर साहेबांनी खुलासा मागितला, आणि भल्या मनानं मार्गही सुचवला. लिहा की संगणक प्रणालीत झालेल्या बदलामुळे दुसरे पान निदर्शनास आले नाही. खरंच तर आहे, वर काही म्हणणार नाहीत. मला वाटलं, आता मामा पेन सरसावतील, नकाशा जोडतील, सात पानं लिहितील. त्यांनी चार ओळी लिहिल्या. पत्राचं दुसरं पान पाहिलं नाही, चूक माझी आहे, यापुढे काळजी घेईन. मला ते सहन झालं नाही. एसटीत बसल्यावर मी म्हणालो, मामा, इतके दिवस ज्याच्या नावानं ओरडत होतात, त्याला ऐन वेळी सोडून कसं दिलंत. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर करपलेल्या कपाशीची रानं मागं पळत होती.

"पट्टी लपली व्हती, जावईबापू. वस्ती लपली नव्हती. ती मला म्हाईत व्हती. यादीत ती नाय हे मला टोचलं, आन् मी कुणाला इचारलं नाय. हे त्या डब्यावर कसं ढकलू?"

त्या दिवसापासून मामांनी आपली पद्धत बदलली, म्हणजे जी सगळ्यात जुनी होती ती पुन्हा आणली. संगणकावरून आलेली यादी ते शेवटच्या पानापर्यंत ओढून बघत, मग प्रत्येक गावाला फोन लावून नाव वाचून दाखवत, आणि तुमच्याकडची कुठली वस्ती राहिली का, असं विचारत. मग कार्बन लावून स्वतःच्या अक्षरात यादी लिहीत. कचेरीतली नवी मंडळी हसायची. टँकरचे चालक मात्र खूश होते. त्यांतला एक जण मला म्हणाला, "साब, मशीन की लिस्ट में चश्मा लगाना पड़ता. बाबूजी की लिस्ट अंधेरे में भी दिखती." पाऊस पडेपर्यंत मामांच्या यादीतून एकही वस्ती सुटली नाही. संगणकाला शिव्या देणं अर्थातच चालू राहिलं; फक्त फोनवर पहिला प्रश्न आता निराळा असे. विचारत, जावईबापू, अजून कुठं काय लपीवलंय का यांनी?

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. पुढं पाऊसकाळ बरे गेले, विहिरींना पाणी आलं, आणि मामांच्या अवतीभवती चिडण्यासारखं काही उरलं नाही. गारखेड्यात त्यांच्या घरासमोर आणखी एक इमारत उभी राहिली, तिच्याबद्दलही ते काही बोलले नाहीत. फोन येईनासा झाला. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं. ही म्हणाली, ते गप्प गप्प असतात म्हणे, तुम्हीच लावा की एकदा.

काय बोलायचं ते मी ठरवूनच फोन लावला. आमच्या कॉलेजात नुकतेच आणखी नवे संगणक आले होते आणि त्यांत सगळं पुन्हा इकडचं तिकडं झालं होतं. मी आवाजात जमेल तेवढा वैताग आणला. म्हणालो, मामा, ह्या लोकांनी परत रचना बदलली. हवं ते काही सापडत नाही. आता तुम्हीच एक अर्ज लिहून द्या, असा लिहा की त्यांची झोप उडाली पाहिजे. आणि मी वाट बघत राहिलो, पलीकडून तो ओळखीचा भडका उठण्याची.

मामा थोडं हसले. "सापडंल," ते म्हणाले. "हितंच असंल कुठंतरी. जरा दमानं बघा." मग पोरीची शाळा विचारली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, आणि रविवारी तिघं जेवायला या म्हणाले. मी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, चिडले का? मी म्हणालो, नाही. आणि ती पुढं काही विचारणार तेवढ्यात मी उगाच उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.